जागच्या जागी सायकल

रोलरवरची सायकल प्रथम पाहणाऱ्यास हसू येते. चाके गरगर फिरतात, स्वार घामाने निथळतो आणि सायकल मात्र जागची हलत नाही. घाण्याच्या बैलाची उपमा सुचावी असाच हा प्रकार! परंतु उपमा सुचली म्हणजे विचार संपला असे होत नाही.

साधन अगदी साधे आहे. एका चौकटीत तीन रूळ. दोन मागच्या चाकाखाली, एक पुढच्या. रुळांना जोडणाऱ्या पट्ट्यामुळे मागची गती पुढच्या चाकासही मिळते. सायकल कोठेही बांधलेली नसते. तोल स्वारानेच सांभाळायचा. हँडलला जरा हिसका बसला की चाक रुळावरून घसरलेच. म्हणून नवशिका प्रथम भिंतीचा आधार घेतो. पायांची एकसारखी लय आणि सरळ चाल यांचे जे कडक शिक्षण येथे मिळते, ते सायकल घट्ट पकडून ठेवणाऱ्या यंत्रांवर मिळत नाही.

मात्र रोलर वाऱ्याशी झुंज शिकवीत नाही. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्याची बहुतांश शक्ती हवा कापण्यात खर्ची पडते. १८९९ साली अमेरिकेतील लाँग आयलंड येथे चार्ल्स मर्फी याने धावत्या आगगाडीच्या आडोशाने ५७.८ सेकंदांत एक मैल अंतर तोडले, त्याचे रहस्य हेच. तेव्हा रोलरवरील वेगाच्या आकड्याने हुरळून जाण्यात अर्थ नाही.

आज या सरावाचा पुरस्कार एका वेगळ्याच कारणाने होतो. रस्त्यावर जिवाला धोका आहे, तेव्हा मुलांनी घरातच सायकल चालवावी, असे म्हटले जाते. २०२० साली तर घरातील यंत्रांवरची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. पालकांची भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा हा उपाय अपुरा आहे. खेळाडू घरात सराव करू शकेल; सायकलवरून शाळेत जाणारी मुलगी वा कारखान्यात जाणारा कामगार आपला रस्ता घरात कसा आणणार? एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्याने तरी हा प्रश्न स्वतःस विचारावा.

विजेवाचून चालणारे रोलर महाविद्यालयांच्या व्यायामशाळांत अवश्य यावेत. परंतु त्यांच्याकडे बोट दाखवून नगरपालिकांना सुरक्षित सायकलमार्गांची जबाबदारी टाळता येणार नाही. सराव घरात व्हावा. सायकलस्वाराचा रस्त्यावरील हक्क मात्र रस्त्यावरच राखला गेला पाहिजे.