उसाची ट्रॉली, हळदीचा ट्रक आणि मधली दुचाकी : गर्दीत धोका नेमका कुठे?

हिंगोली जिल्ह्यात हंगामानुसार रस्त्यांचे रूप पालटते. गाळप सुरू झाले की वसमतच्या पूर्णा साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघतात. उन्हाळ्यात हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळदीच्या गाड्यांची रांग लागते. कळमनुरी, वारंगा फाटामार्गे नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग १६१ वर लांब पल्ल्याचे ट्रक असतातच. या साऱ्यांमधून वाट काढतो तो दुचाकीस्वार.

मोकळी जागा का फसवते?

वळताना मोठ्या वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती आतल्या बाजूला सरकतात. दोन ट्रॉल्या असतील तर दुसरी आणखी आत येते. डावीकडे वळण्यापूर्वी चालक वाहन थोडे उजवीकडे घेतो. डावीकडे जागा झाल्यासारखी वाटते, दुचाकी तिथे घुसते आणि वळण पूर्ण होईपर्यंत ती जागाच उरत नाही.

अंतर किती ठेवावे?

ताशी ४० किमी वेगात दुचाकी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण २३ मीटर लागतात. ताशी ६० ला तेच अंतर ४५ मीटरच्या घरात जाते. वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट. रात्री मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली दिसेपर्यंत एवढे अंतर हातात उरत नाही.

गावातल्या गावात हेल्मेट कशाला?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा अपघाती मृत्यू झाला. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट दोघांनाही सक्तीचे आहे, तेही पट्टा बांधून.

हे लक्षात ठेवा

• ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.
• वळणाऱ्या वाहनाच्या डावीकडून पुढे जाऊ नका, मागे थांबा.
• दोन ट्रॉल्यांना ओलांडायला जास्त रस्ता लागतो. समोरचा रस्ता दूरवर मोकळा दिसल्याशिवाय ओव्हरटेक नको.
• दोन्ही ब्रेक एकत्र वापरा. सांडलेली पाने, माती, ओला रस्ता असेल तर वेग आधीच कमी करा.

दुचाकीस्वाराने काळजी घेतली तरी प्रश्न अर्धाच सुटतो. कारखाना असो वा बाजार समिती, भरलेली प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावर थांबतेच. रिफ्लेक्टर नसेल तर तिथेच लावून ती पुढे सोडणे अवघड नाही.