हिमालयात हिवाळी ट्रेक: बर्फ थांबल्यानंतरची स्वच्छ सकाळ फसवी का असते?

डिसेंबर उजाडला की मुंबई-पुण्याहून केदारकांठा, ब्रह्मताल अशा ट्रेकसाठी गट निघू लागतात. त्यातल्या अनेकांचा डोंगराचा अनुभव सह्याद्रीतला असतो. तिथे आपण आभाळ बघून ठरवतो. पाऊस धो-धो असेल तर थांबायचं, उघडीप मिळाली की निघायचं. बर्फात हाच हिशोब उलटा पडू शकतो.

बर्फ थरांनी साठतो. दोन हिमवृष्टींच्या मधल्या काळात कडाक्याच्या थंडीमुळे एखादा थर साखरेच्या दाण्यांसारखा सुटा होतो. त्यावर ताज्या बर्फाचा जाड, एकसंध थर बसतो. ताटात साखर पसरून वर जाड भाकरी ठेवली आणि ताट कलतं केलं तर काय होईल, तसंच इथे होतं. हिमवृष्टीनंतरचे पहिले २४ ते ४८ तास म्हणूनच जपायचे. ऊन पडलेलं असतं, फोटो छान येतात, पण वरचा भार अजून स्थिरावलेला नसतो. त्यात वारा बर्फ उडवून आडोशाच्या उतारावर नेऊन टाकतो. म्हणजे फारसा बर्फ पडला नाही, तरी तिथे मोठा साठा होतो.

बहुतेक मोठी हिमस्खलनं साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. त्याहून तीव्र कड्यावर बर्फ फारसा साठत नाही, सौम्य उतारावरून तो सहसा निसटत नाही. अडचण अशी, की माणसाला चढायला मजा येते तेही हेच उतार. स्खलनात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते सुरू होतं त्यांच्याच किंवा त्यांच्या गटातल्या कुणाच्या तरी वजनाने. आणि आपण स्वतः सपाटीवर असलो म्हणजे सुटलो, असंही नाही. वरून येणारा बर्फ पायथ्याच्या तंबूपर्यंत पोहोचू शकतो.

इशारा मिळतो का?

मिळतो. डहाणू-तलासरी पट्ट्यात, झरी, धुंदलवाडीसारख्या गावांच्या परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. पुढचा धक्का कधी बसेल, हे कुणालाच सांगता येत नाही. हिमस्खलनाची नेमकी वेळही सांगता येत नाही, पण कोणत्या भागात, किती उंचीच्या वर धोका वाढलाय, हे सांगता येतं. हे काम चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था करते.

उत्तराखंडमध्ये माणा इथे २८ फेब्रुवारी २०२५ ला सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांची छावणी बर्फाखाली गेली. ५४ जण अडकले, ८ जणांचा जीव गेला. चमोलीसह काही जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वरच्या भागासाठी या संस्थेने आदल्या संध्याकाळीच इशारा दिला होता. माणा ३,००० मीटरच्याही वर आहे. इशारा निघणं आणि त्यावरून छावणी हलणं, यात अजून बरंच अंतर आहे.

बर्फाखाली किती वेळ मिळतो?

३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनमध्ये दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशीही होते. लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण ११ फेब्रुवारीला त्यांचंही निधन झालं. ती बातमी सगळ्यांच्या लक्षात राहिली. मात्र ती अपवादाची गोष्ट होती. पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुसंख्य वाचतात, अर्ध्या तासानंतर हे प्रमाण झपाट्याने घसरतं. गुदमरणं हे त्याचं मुख्य कारण. इतक्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही. वाचवणारे सोबतचेच असतात, आणि त्यासाठी प्रत्येकाकडे सिग्नल देणारा-शोधणारा बीकन, बर्फात खुपसायची लांब सळई आणि फावडं लागतं. तिन्ही वापरण्याचा सरावही लागतो.

केदारकांठाची बरीचशी वाट जंगलातून आणि धारेवरून जाते. उंच खिंडी ओलांडणाऱ्या ट्रेकइतका धोका तिथे नाही. खिंडीच्या ट्रेकचे पैसे भरताना मात्र आयोजकाला विचारा: हिमवृष्टी झाली तर किती दिवस थांबणार? राखीव दिवस आहे का? परत फिरायचं ठरलं तर तो निर्णय कुणाचा? ‘आमचा गाईड अनुभवी आहे’ एवढंच उत्तर आलं, तर पुन्हा विचारा.