आईला पुण्याला पाठवून घर हलवू नका



सध्या ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी घरांत जिथे जावं तिथे एकच विषय. जुनं घर विकायचं आणि सिटी सेंटर नाहीतर थाटीपूरकडे फ्लॅट घ्यायचा. मी त्याच्या विरुद्ध मुळीच नाही. उंच पायऱ्या, गाडी लावायला जागा नाही, दर पावसाळ्यात गळणारी गच्ची, किती वर्षं काढायची? आणि हलण्याची आपल्याला लाज कसली! लष्कर, पडाव, कंपू, छावणी, आपल्या मोहल्ल्यांची नावंच मुक्कामाची आहेत. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याजवळ तळ दिला, तंबूंच्या जागी घरं झाली आणि तळ उठायचा तो राहूनच गेला.

माझा आक्षेप आहे तो हलण्याच्या पद्धतीवर. "आई, तू पंधरा दिवस ताईकडे पुण्याला जा. आलीस की सगळं लावलेलं मिळेल." प्रेमानेच म्हणतात. धूळ, दगदग, बीपी, सगळं खरं. पण चाळीस-पन्नास वर्षं जिने ते घर चालवलं, तिलाच त्या पंधरवड्यात बाहेर ठेवायचं? परत येते तेव्हा ती पाहुणी असते. डाळीचा डबा कुठाय, हे तिला सुनेला विचारावं लागतं.

आणि सामानाचं काय होतं तेही बघा. आमच्या पडावातल्याच एका घरी आजी नसताना माळा रिकामा केला. पत्र्याच्या पेटीत रुमालात बांधलेले जुने कागद होते, मोडीतले. मुलांना त्या रेघोट्याच वाटल्या. कबाडी रद्दीच्या भावाने घेऊन गेला. आजी आल्यावर पहिला प्रश्न त्या पेटीचा. वि. का. राजवाडे असल्याच दप्तरांसाठी गावोगाव हिंडले. १८९८ साली त्यांनी साधनांचा पहिला खंड काढला, १९१०मध्ये पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. आणि आपल्याकडे शिंदेशाहीतल्या नोकऱ्यांचे कागद तराजूत जातात.

म्हणून माझं म्हणणं, घर हलवण्याची सुरुवात गाडी ठरवण्यापासून नाही, तीन महिने आधी माळ्यापासून करा. दर रविवारी एक पेटी, आणि ती आईसमोर उघडायची. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहून घ्या. डावीकडून तिसरा कोण, हे सांगणारं माणूस घरात एकच असतं.

"मग ती काही टाकूच देणार नाही!" असं लगेच म्हणतील. आम्हालाही तीच धास्ती होती. आईचं वय ८१. तांब्याचा मोठा बंब तिने दोन मिनिटांत भाचीला देऊन टाकला, चौदातले अकरा हंडे-कळश्या वाटल्या. भांडली ती कान तुटलेल्या लोणच्याच्या बरणीसाठी. आली ती बरणी. जागा किती लागते तिला?

खोक्यांवर नंबर आणि वहीत यादी, तीही आईनेच सांगायची. खोक्यांवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलं. लोडिंगवाल्या पोराने "डबे" बरोबर वाचले, "ताटाळं" मात्र त्याला कळलं नाही, ते त्याने न्हाणीघरात ठेवलं. असो. आईचा पलंग, औषधांचा डबा, देवघर आणि चहाचं सामान गाडीत सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे आधी उतरेल. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पलंग. जुन्या घरात ती रात्री उठून ज्या हाताला वळत असे, नव्या घरातही न्हाणीघर त्याच हाताला येईल असा लावा. म्हातारं माणूस अर्धवट झोपेत सवयीने वळतं, आणि तिथेच पडतं.

सौद्याच्या तारखाही याच हिशोबाने ठरवा. रेरामध्ये बिल्डरने कोणतीही तारीख लिहिलेली असो, चाव्या हातात आल्यावर पुढे महिना-दीड महिना तरी जुन्या घराचा ताबा देऊ नका. नाहीतर मध्ये भाड्याचं घर येतं, आणि आईला दोनदा उठावं लागतं. रजिस्ट्रीनंतरचं नामांतरण, बिजलीचं कनेक्शन, गॅस, समग्रमधला पत्ता हे मुलांनी बघावं. घर ५० लाखांचं किंवा वरचं असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, तेही विसरू नका. आईचं पेन्शनचं खातं मात्र नोव्हेंबरात हलवू नका. तेव्हा जीवन प्रमाणपत्र द्यायचं असतं, तो घोळ नको.

मुहूर्ताबद्दल थोडं बोलतो, रागवू नका. मुलांच्या परीक्षा संपल्या की वैशाखातला मुहूर्त निघतो, आणि आपल्या ग्वाल्हेरला तेव्हा पारा ४५ला टेकलेला. कलश, दिवा, दूध उतू घालणं मुहूर्तावर जरूर करा, पण गाडीचा मुहूर्ताशी संबंध नाही. सामान फेब्रुवारीत पोचवलं तर वास्तुपुरुष काही रागावत नाही.

ज्यांच्या घरी आजारपण आहे, विस्मरण आहे, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरांना विचारून ठरवा. बाकीच्यांनी आईला खुर्ची द्या, हातात वही द्या आणि तिचं ऐका. निघायच्या आधी एक हळदीकुंकूही करा. आमच्याकडे शेजारच्या हिंदी बायकाही आल्या होत्या. आईला त्या "अम्माजी" म्हणतात, आणि आता फ्लॅटवर फोन करून भाजीचे भाव सांगतात.

जाता जाता, यंदा कोणाचं घर विकायचं ठरलं असेल आणि माळ्यावर मोडीचा रुमाल निघाला तर कबाड्याला बोलावण्याआधी निदान फोटो काढून इथे टाका. वाचणारी दोन-चार माणसं आपल्यात अजून आहेत.