दिवाळीनंतर न परतणारी माणसं

दिवाळीचा बोनस खात्यात जमा झाला की आठ-पंधरा दिवसांत छोट्या मशीनशॉपमधली एक-दोन मशीनं बंद दिसू लागतात. भोसरी घ्या, सातपूर घ्या, शिरोली घ्या. ऑपरेटर गावी म्हणून गेलेला असतो आणि फोन लागत नाही. मग चार मालक भेटले की ठरलेलं बोलणं सुरू होतं. हल्लीच्या पोरांना काम नको, मोठ्या कंपनीने दोन हजार जास्त दिले म्हणून गेला. पगाराची गोष्ट खोटी नाही. बाजारभावापेक्षा फार कमी पैसे देऊन माणूस गोड बोलण्यावर थांबेल, अशी आशा कोणी करू नये. पण एकाच गल्लीत, एकाच प्रकारचे जॉब करणाऱ्या आणि जवळपास तेवढाच पगार देणाऱ्या दोन शॉपपैकी एकात माणसं वर्षानुवर्षं टिकतात आणि दुसऱ्याच्या गेटवर ‘ऑपरेटर पाहिजेत’चा बोर्ड बारमाही असतो. हे कोडं पगारपत्रक पाहून सुटत नाही. त्यासाठी मालकाच्या वागण्याकडे पाहावं लागतं, आणि ते सांगणारं शॉपमध्ये सहसा कोणी नसतं.

मालक कडक आहे म्हणून माणसं जातात, हा समज आधी बाजूला ठेवू. एडविन फ्लेशमन आणि एडविन हॅरिस यांनी अमेरिकेतल्या एका ट्रक कारखान्यातल्या 57 फोरमनच्या वागण्याचा अभ्यास करून 1962 साली तो प्रसिद्ध केला. प्रत्येक फोरमनच्या दोन गोष्टी त्यांनी तपासल्या: कामाची शिस्त तो किती लावतो आणि हाताखालच्या माणसांची कदर किती ठेवतो. कदर ठेवणाऱ्या फोरमनने शिस्त वाढवली, तरी सोडून जाणारे वाढले नाहीत. कदर न करणाऱ्याकडची गळती मात्र शिस्त सैल करूनही फारशी थांबली नाही. आणखी एक निष्कर्ष आपल्या उपयोगाचा आहे. आपुलकी एका मर्यादेच्या वर गेल्यावर तिचा गळतीवर आणखी परिणाम दिसला नाही. म्हणजे मालकाने सगळ्यांचा लाडका होण्याची गरज नाही. एक किमान पातळी सोडू नये, एवढंच.

ती पातळी कुठे सुटते, ते सकाळी आठला पाळी बदलताना दिसतं. लाल क्रेटमध्ये रात्रीचे तीसेक बुश पडलेत, बोअर वीस मायक्रॉनने मोठा. मालक स्वतः टर्नर म्हणून सुरुवात केलेले, हात अजूनही पक्का. एक बुश उचलतात, गेज घालून बघतात आणि दोन्ही पाळ्यांच्या माणसांदेखत विचारतात, “डोळे फुटले होते का रे?” पोरगा मान खाली घालून उभा राहतो. घडलेलं असतं ते असं: तीन वाजता इन्सर्ट बदलला, ऑफसेट दिला, पण पहिला पीस तपासायला बोअर गेज हाताशी नव्हता. तो क्वालिटीच्या कपाटात, आणि किल्ली दिवसपाळीच्या इन्स्पेक्टरकडे. हे त्याला कोणी विचारलं नाही आणि सांगायची त्याची हिंमत झाली नाही. किल्ली तिथेच राहिली, पुढच्या आठवड्यात पुन्हा रिजेक्शन. दिवाळीला पोरगा गावी गेला तेव्हा शेतीचं कारण सांगून गेला. जाणारा माणूस खरं कारण मालकाला सांगत नाही. हिशेबाचे पैसे मिळायचे असतात.

दुसरा मालकही तितकाच कडक असू शकतो. मशीन थांबवेल, पोराला केबिनमध्ये घेईल, पहिला पीस न तपासता लॉट चालवल्याबद्दल खडसावेल. पण त्याआधी काय झालं ते पूर्ण ऐकून घेईल, आणि त्याच दिवशी गेज मशीनजवळ येईल.

सुपरवायझरचं दुखणं वेगळं आहे, आणि माझ्या मते छोट्या उद्योगाचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. दहा-बारा वर्षांचा अनुभवी माणूस आणून आपण त्याला शॉप सोपवतो आणि मग त्याला न विचारता थेट ऑपरेटरला जॉब बदलायला सांगतो. त्याने नाकारलेली सुट्टी आपण देतो. त्याने थांबवलेली उचल आपण संध्याकाळी खिशातून काढून देतो. आपल्याला ते मनाचं मोठेपण वाटतं. त्याची मात्र पोरांसमोर किंमत राहत नाही. त्यात इंजिनिअर झालेला मुलगा धंद्यात आला की दोन साहेब होतात, आणि दोघांच्या सूचनांमध्ये तो भरडला जातो. असा माणूस भांडत नाही, शांतपणे दुसरी नोकरी शोधतो, आणि जाताना दोन चांगले ऑपरेटर त्याच्यामागे जातात. बाप-लेकांनी कोणता निर्णय कोणाचा, हे आधी घरात ठरवून मग शॉपमध्ये यावं.

विचारून बदल करण्याला किती मोल आहे, याचा जुना पुरावा अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हारवुड या पायजम्यांच्या कारखान्यात मिळतो. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तो 1948 साली मांडला. कामाची पद्धत आणि नगावरचा दर बदलायचा होता. एका गटाला बदल नुसता समजावून सांगितला; त्यातले 17 टक्के लोक पहिल्या 40 दिवसांत सोडून गेले. बाकीच्या गटांना, कुठे प्रतिनिधींमार्फत तर कुठे सगळ्यांनाच, बदल ठरवण्यात घेतलं. तिथून कोणी गेलं नाही. अडीच महिन्यांनी पहिल्या गटातल्या उरलेल्या 13 जणांना पुन्हा नवं काम द्यायची वेळ आली. या वेळी त्यांनाही ठरवण्यात घेतलं, आणि त्याच माणसांचं उत्पादन वाढलं. कामगार तेच आणि कारखानाही तोच होता, हे ‘आपल्याकडची पोरंच तशी’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

आणि पगाराची तारीख. कायद्याने तो सात तारखेच्या आत व्हायलाच हवा. मोठ्या ग्राहकाने 45 दिवसांची मुदत ओलांडून आपलं बिल अडकवलं, तरी त्याचा भार ऑपरेटरच्या घरभाड्यावर टाकता येत नाही.

वाचक उद्योजकांना एक काम सुचवतो. हजेरीपटावरून गेल्या तीन वर्षांत सोडून गेलेल्यांची नावं काढा. सहा महिन्यांच्या आत गेलेले एका बाजूला लिहा, तीन वर्षं काढून गेलेले दुसऱ्या बाजूला. पहिली यादी लांब असेल तर नव्या पोराला पहिल्या महिन्यात कोण शिकवतं आणि कसं बोलतं ते बघा. दुसरी लांब असेल तर प्रश्न बहुतेक तुमच्या केबिनचा आहे. त्या यादीतल्या दोघा-तिघांना फोन करा, पण स्वतः नको. ज्याच्याशी ते मोकळं बोलतील अशा जुन्या माणसाला करायला सांगा, आणि तो जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.