पंगत साहेबांची, वर्गणी आमची

ऑक्टोबर संपायच्या आतच तो मेल येतो. विषयाच्या ओळीत नाताळचं झाड आणि तीन उद्गारचिन्हं. टीमची ख्रिसमस पार्टी डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी, अमुक रेस्टॉरंटात. ठरावीक तीन पदार्थांचं जेवण, माणशी ४० पौंड. त्यातले १० पौंड अनामत म्हणून येत्या शुक्रवारपर्यंत भरा, अनामत परत मिळणार नाही. सोबतच्या तक्त्यात आपापला पदार्थ निवडा. दारू ज्याची त्याची. आणि तळाशी एक प्रेमळ ओळ : येण्याची सक्ती नाही, पण सगळे आलात तर फार बरं वाटेल. खाली सही साहेबांची.

इंग्लंडात नोकरी करणाऱ्या मराठी माणसांना हा मेल एव्हाना तोंडपाठ झाला असेल. त्यातल्या झाडाबद्दल किंवा उद्गारचिन्हांबद्दल माझं काही म्हणणं नाही. नाताळ मला आवडतो. माझा आक्षेप आहे त्या चाळीस पौंडांवर. ज्यानं बोलावलं त्यानं पैसे द्यावेत, एवढी साधी गोष्ट शतकानुशतकं सभ्यतेचे धडे जगाला देणाऱ्या या देशाला दर डिसेंबरात नव्यानं सांगावी लागते. घरच्या मुंजीचं आमंत्रण द्यायचं आणि पंगतीत श्रीखंड वाढता वाढता 'तुमचे तेवढे राहिलेत हं' म्हणायचं, असा यजमान आमच्या गावात निघाला असता तर पुढच्या तीन पिढ्यांना त्याच नावानं ओळखलं असतं.

यावरचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे : अहो, हे काम थोडंच आहे, ही मजा आहे, आणि मजेचे पैसे ज्यानं त्यानं द्यायचे. वा! मग पार्टीच्या आदल्या आठवड्यात एचआरचा जो दुसरा मेल येतो, त्याचं काय करायचं? त्यात लिहिलेलं असतं की पार्टी कार्यालयाबाहेर असली तरी वर्तणुकीचे सगळे नियम लागू राहतील, आपण कंपनीचे प्रतिनिधी आहात याचं भान ठेवा, गैरवर्तन झाल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. हा मेल कुणाच्या लहरीतून येत नाही, त्यामागे कायदा उभा आहे. २६ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये लैंगिक छळ होऊ नये म्हणून आधीच वाजवी पावलं उचलण्याचं बंधन मालकांवर आलं, आणि ते बंधन ऑफिसच्या दारापाशी संपत नाही. कायदा चांगलाच आहे. तो हवाच होता.

त्याआधीचा एक खटलाही वकील मंडळी दर नाताळात आवर्जून आठवतात. नॉर्थॅम्प्टनमधल्या एका भरती कंपनीची २०११ सालची ख्रिसमस पार्टी गोल्फ क्लबात झाली. ती संपल्यावर काही जण हॉटेलात पीत बसले. पहाटे कंपनीतल्याच एका नेमणुकीवरून वाद निघाला, 'इथे निर्णय मी घेतो' असं बजावता बजावता व्यवस्थापकीय संचालकानं आपल्याच विक्री व्यवस्थापकाला ठोसे मारले, आणि त्या माणसाच्या मेंदूला कायमची इजा झाली. २०१८ मध्ये अपील न्यायालयानं कंपनीला जबाबदार धरलं. कारण त्या क्षणीही तो माणूस संचालक म्हणूनच बोलत होता, अधिकार गाजवत होता. हॉटेलातल्या प्रत्येक भांडणाला कंपनी जबाबदार, असं न्यायालय म्हणालं नाही. पण पहाटे तीनच्या दारूच्या टेबलावरही साहेब साहेबच असतो, हे मात्र त्यानं ओळखलं.

तर हिशेब असा झाला. नियम कंपनीचे. तारीख कंपनीच्या सोयीची. कोण आलं, कोण नाही याची नोंद साहेबांच्या डोक्यात, आणि ती मार्चमधल्या मूल्यमापनात 'टीममध्ये मिसळत नाही' अशा गोड शब्दांत बाहेर येणार. भाषण साहेबांचं, त्यावर टाळ्या आमच्या. एवढं सगळं कामाचं असताना बिल आलं की ती एकदम खासगी मजा कशी होते? घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची आम्हाला सवय आहे, पण इथे तर पीठही आमचं आणि लाकडंही आमचीच.

आता पैशांचंच बोलतो, कारण या विषयात सगळे भावनांवर बोलतात आणि बेरीज कुणी करत नाही. नफ्यात असलेली, व्हॅटची नोंदणी असलेली एखादी मोठी कंपनी घ्या. तिनं कर्मचाऱ्याच्या ताटाचे ४० पौंड भरले तर त्यातला ६.६७ पौंड व्हॅट तिला परत मागता येतो. उरले ३३.३३. कर्मचाऱ्यांच्या मेजवानीचा खर्च नफ्यातून वजा होतो, म्हणजे २५ टक्क्यांनी कॉर्पोरेशन कर वाचला. कंपनीला खरी तोशीस पडली २५ पौंडांची. तेच ताट मी माझ्या खिशातून घेतलं तर? २० टक्के प्राप्तिकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स कापून गेल्यावर हातात ४० पौंड उरण्यासाठी मला साडेपंचावन्न पौंड कमवावे लागतात. माझ्या शेजारी बसणाऱ्या, विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलीच्या पगारातून शिक्षणकर्जाचे आणखी ९ टक्के जातात. तिला तेच ताट साडेत्रेसष्ट पौंडांना पडतं. ताट एकच, त्यावरची सुकी टर्की एकच, आणि भार मात्र जिच्याकडे सर्वांत कमी आहे तिच्यावर सर्वांत जास्त. हे ठरवणारा माणूस फायनान्समध्ये नोकरीला असतो, हे विशेष.

बरं, सरकारनं यात खोडा घातलाय म्हणावं तर तसंही नाही. वर्षातून एकदा सर्व कर्मचाऱ्यांना खुला असलेला समारंभ कंपनीनं केला, तर माणशी १५० पौंडांपर्यंतच्या खर्चावर कर्मचाऱ्याला कर पडत नाही. ही मर्यादा २००३ मध्ये ७५ ची १५० झाली आणि तिथेच गोठली. एक पौंडानं जरी ओलांडली तरी वरच्या एका पौंडावर नव्हे, सगळ्या १५१ पौंडांवर कर लागतो. मर्यादा वाढवायला हवी अशी ओरड मालकांच्या संघटना करतात. मी म्हणतो, आधीची तर वापरा! आणि सर्वांत मोठी गंमत पुढेच आहे. ग्राहकांना जेवू घालण्याचा खर्च ब्रिटनमध्ये करासाठी वजा होत नाही, त्यावरचा व्हॅटही साधारणपणे परत मिळत नाही. तरी ग्राहकासाठी शॅम्पेन उघडताना कुणी तक्ता फिरवत नाही. जिथे सवलत नाही तिथे कंपनी सढळ हातानं खर्च करते, आणि जिथे सवलत आहे तिथे आमच्याकडे वर्गणी मागते. स्क्रूजला कंजूषपणाचा आदर्श म्हणून उगाच बदनाम केलंय. डिकन्सच्या १८४३ च्या त्या गोष्टीत त्यानं कुरकुरत का होईना, नाताळची पगारी सुट्टी दिली होती. कारकुनाकडे पुडिंगची वर्गणी काही मागितली नव्हती.

४० पौंड म्हणजे फार नाहीत, असं म्हणणाऱ्यांचा पगार आधी विचारावा. एप्रिल २०२५ मध्ये २१ वर्षं पूर्ण झालेल्या कामगाराचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. कापाकापीच्या आधीच्या त्या आकड्यानं धरलं तरी स्वागतकक्षातल्या माणसाचे सव्वातीन तास त्या ताटात गेले. त्यात रात्री उशिराची टॅक्सी, मुलांना सांभाळायला माणूस, सिक्रेट सँटाची भेटवस्तू आणि 'हिवाळी विनोदी स्वेटर' हा वेगळाच जाच. तो नाही म्हणू शकतो, हे खरं. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि 'परवडत नाही' हे कारण वीस माणसांना दिसणाऱ्या तक्त्यात कोण लिहील? म्हणून तो भाची आजारी असल्याचं सांगतो. साफसफाईची बाई आणि एजन्सीचा सुरक्षारक्षक यांना ही अडचण येत नाही, कारण त्यांना मेलच गेलेला नसतो.

जेवणाच्या टेबलावर पुढचा अंक होतो. 'दारू ज्याची त्याची' हे वचन पहिल्या दोन बाटल्यांपर्यंत टिकतं. मग कुणीतरी मोठ्या मनानं जाहीर करतो की हिशेब करत बसायला नको, सगळं समान वाटून टाकू. आयजीच्या जिवावर बायजी उदार! मी सुक्यामेव्याचा तो वडीसारखा कोरडा नट रोस्ट आणि सोडा घेतलेला असतो, समोरच्यानं स्टेक आणि मालबेक. दारू न पिणारे मुसलमान सहकारी, गरोदर सहकारी, गाडी चालवत आलेला एकजण, हे सगळे मिळून मालबेकच्या बाटल्यांचे आश्रयदाते होतात. आणि कुणी तोंड उघडलं की तो चिक्कू.

काही ठिकाणी साहेब स्वतःच्या खिशातून सगळं भरतात. लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. मला तेही नको. साहेबाची बायको घरी काय म्हणत असेल ते सोडा. पण कंपनीचं कर्तव्य एका माणसाच्या दानतीवर सोपवलं की घेणारे मिंधे होतात. शेजारच्या टीमचा साहेब गरीब किंवा चिकट निघाला तर त्याच्या माणसांनी काय बघत बसायचं? भीक नको पण कुत्रा आवर, अशी वेळ येते. साहेबानं आपला खिसा सांभाळावा आणि वरच्या मजल्यावर जाऊन बजेट मागावं. त्याला पगार मिळतो त्यात हे भांडणही धरलेलं आहे.

मी वर्गणीच्या विरोधात आहे असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, ते वर्गणीवर आणि तिकिटांवरच. गणपतीला, दिवाळीला आम्ही आनंदानं पैसे भरतो, कारण वर्गणी देणाऱ्याला तिथे काही हक्क असतात. तो कार्यकारिणी निवडतो, सभेत उभा राहून हिशेब मागतो, बटाट्याची भाजी कच्ची राहिली म्हणून अध्यक्षाला चारचौघांत झाडतो. ऑफिसच्या वर्गणीत यातलं काय आहे? तारीख मी ठरवली नाही, जागा मी निवडली नाही, शेजारी कोण बसणार हेही माझ्या हातात नाही. ज्या खर्चावर माझा अधिकार नाही तो माझा खर्च नाही. तो कर आहे, आणि कर गोळा करायला मध्यम व्यवस्थापकांना संसदेनं अजून तरी नेमलेलं नाही.

सरकारी नोकरांची गोष्ट वेगळी आहे, ते मान्य. रुग्णालयातल्या नर्सच्या, शाळेतल्या शिक्षिकेच्या पार्टीवर जनतेचा पैसा उधळू नये. तिथे चहापत्ती आणि दुधालाही लोक पदरचे पैसे डब्यात टाकतात. खुद्द डाउनिंग स्ट्रीटनं २० मे २०२० रोजी, ऐन टाळेबंदीत, शंभराहून जास्त लोकांना बागेत बोलावताना ज्यानं त्यानं आपली दारू आणावी असं कळवलं होतं. काटकसरीपुरतं तरी ते आमंत्रण निर्दोष होतं. पण पैसा नाही म्हणून खर्च खालच्यांवर ढकलायचा, हा त्यातला मार्ग नव्हे. पैसा नसेल तर दुपारी तीन वाजता, कामाच्या वेळेत, मिन्स पायचा खोका उघडा आणि तासभर लोकांना बसू द्या. रात्रपाळीच्यांना रात्री द्या. त्याला ना टॅक्सी लागते ना स्वेटर.

ही साथ आता हिंजवडीपर्यंतही पोहोचली आहे. डिसेंबरात लोणावळ्याचं किंवा मुळशीचं रिसॉर्ट, कंपनीचं माणशी बजेट एवढं, आणि 'वरचे तेवढे यूपीआय करा'. ज्या देशात १९६५ च्या कायद्यानं किमान बोनस हा कामगाराचा हक्क ठरला, गिरणी कामगारानं दिवाळीच्या तोंडावर त्यासाठी संप केले, त्या देशातली पोरं क्यूआर कोड स्कॅन करून स्वतःच्याच मालकाचा सण साजरा करतात. आणि वर रिसॉर्टच्या कमानीखाली कंपनीचे टीशर्ट घालून काढलेला फोटो कंपनीच्या लिंक्डइनवर झळकतो : आमची माणसं, आमचं कुटुंब. जाहिरात फुकट, मॉडेल फुकट, जेवण मॉडेलच्या खर्चानं.

एका सहकाऱ्याला मी हे सगळं ऐकवलं तेव्हा तो घाबरून म्हणाला, असं बोलू नकोस, अशानं ते पार्टीच बंद करतील. करू देत. डिसेंबरातल्या शुक्रवारी संध्याकाळी मला घरी पुष्कळ कामं असतात, आणि भूक लागलीच तर डाळभात मी फुकट खातो.