वर्तुळाकार फायबर-जाळ्याच्या सुरक्षित मांडणीविषयी निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका.

विषय : इथरनेट रिंगमध्ये लूप-प्रतिबंध व मार्ग-पुनःस्थापनेची तजवीज करणेबाबत.

महोदय,

सांगली, मिरज व कुपवाड ही शहरे १९९८ साली एका महापालिकेत आली, आणि त्यांची त्रिकोणी वस्ती पाहता कार्यालये, दवाखाने व पाणीपुरवठा केंद्रे फायबरच्या वर्तुळाने जोडणे हेच स्वाभाविक ठरते; तथापि असे वर्तुळ योग्य तजवीज न करता जोडल्यास ते साध्या सरळ तारेहूनही घातक होते, ही बाब निविदेपूर्वीच आपल्या नजरेस आणणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इथरनेटच्या फ्रेमवर, म्हणजे माहितीच्या पुडक्यावर, तिने किती मुक्काम करावेत याची मर्यादा लिहिलेली नसते. त्यामुळे सर्वांस उद्देशून निघालेली फ्रेम बंद वर्तुळात (लूपमध्ये) फिरतच राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती सर्व जोडण्यांवर ओतल्या जातात, आणि एकही तार तुटलेली नसताना सारे जाळे ठप्प होते. रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये योजिलेल्या स्पॅनिंग ट्रीने यावर उपाय दिला खरा, परंतु त्याच्या मूळ रूपात तार तुटल्यावर मार्ग सावरण्यास ३० ते ५० सेकंद लागत. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.८०३२ या २००८ च्या मानकात वर्तुळातील एक दुवा मुद्दाम बंद ठेवतात. अन्यत्र तार तुटताच शेजारचे स्विच वर्दी देतात, बंद दुव्याचा मालक-स्विच तो खुला करतो, सर्व स्विच आपल्या जुन्या पत्त्यांची नोंद पुसतात, आणि हे सारे ५० मिलिसेकंदांच्या आत उरकावे अशी अपेक्षा असते. मालक एकच हवा : एकही नसेल तर लूपचा धोका, दोन झाले तर धडधाकट वर्तुळाचेही दोन तुकडे!

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले, हे येथे कोणास सांगावयास नको. वर्तुळाच्या दोन्ही भुजा सांगली-मिरज रस्त्यालगतच्या एकाच चरातून नेल्या, तर अशा पुरात दोन्ही एकदमच निकामी होतील, आणि ते वर्तुळ केवळ नकाशावरचे ठरेल.

सबब विनंती की, दोन्ही भुजा भिन्न मार्गांनी व शक्य तेथे पूररेषेबाहेरून न्याव्यात. एकाच उत्पादकाच्या खासगी पद्धतीऐवजी जी.८०३२ ची अट घालावी. बंद दुवा, त्याचा मालक-स्विच आणि स्विचच्या वर्दी वाहणारा व सर्वत्र एकच असावयाचा नियंत्रण-व्हीलॅन यांची दप्तरी नोंद ठेवावी. तार जोडली-तुटली होत राहिल्यास मार्ग सारखा बदलू नये, म्हणून तो पूर्ववत होण्यापूर्वीची प्रचलित ५ मिनिटांची मुदत सकारण आदेशाविना कमी करू नये. आणि ठेकेदाराचे देयक मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक दुवा पाळीपाळीने प्रत्यक्ष काढून, जाळे चालू राहते की नाही याची खातरजमा आपल्या अभियंत्यांसमक्ष करावी.

कळावे,
आपले विश्वासू,
मिरजेतील नागरिक