दोन याद्या



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा अनेक घरांत एका यादीची वाट पाहिली जात असेल. दुकान उघडे असते, माल उतरत असतो, वायदे सांभाळले जात असतात. पण घरातील तरुण बापाचे लक्ष मोबाईलवर आणि आईचे लक्ष त्याच्या चेहऱ्यावर असते. मुलाचे नाव ‘त्या’ शाळेच्या यादीत लागणार की नाही? गेल्या महिन्यात धुळ्याच्या आग्रा रोडवरील आमच्या व्याह्यांचा फोन आला. हरभऱ्याचा भाव विचारतील असे वाटले होते. त्यांनी विचारले, “त्या शाळेत आपली कुणाची ओळख आहे का?” मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही, कारण हाच प्रश्न २०२४ साली मीही चार जणांना विचारला होता. ती हकिगत आज लिहितो. ती सांगताना मला संकोच वाटतो, म्हणूनच ती लिहावी असे वाटले.

त्या वर्षी माझा नातू पहिलीत जायचा होता. मुलाने आणि सूनबाईने गावातील एक नामांकित शाळा मनात धरली होती. तेथे मुलाखत नसते, ‘संवाद’ असतो, असे सांगण्यात आले. संवादात बाईंनी नातवाला विचारले, वडील काय करतात? तो म्हणाला, “पप्पा गादीवर बसतात.” बाई हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नसेलही. पण माझा मुलगा घरी आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. त्या रात्रीपासून नातवाला इंग्रजीतून एक वाक्य पाठ करून घेणे सुरू झाले, ‘माय फादर इज अ बिझनेसमन’. जी गादी माझ्या वडिलांनी मांडली, जिच्यावर तीन पिढ्यांचे पोट चालले, तिचे नाव घेऊ नये हे सहा वर्षांच्या मुलाला आम्हीच शिकवले.

मुलाला मात्र मी दोष देत नाही. कंपनीचे अधिकारी दुकानी आले की त्यांच्याशी इंग्रजीत बोलताना तो अडखळतो, हे मी पाहिले आहे. जे आपल्याला सोसावे लागले ते पोराला सोसावे लागू नये, एवढीच त्याची इच्छा. आपल्या बहुतेक घरांत शाळेच्या हट्टामागे प्रतिष्ठेपेक्षा ही जुनी बोच अधिक असते.

मग मी माझ्या पद्धतीने प्रयत्न सुरू केले. एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवले की, ‘इमारत निधीला’ काही दिले तर मार्ग निघेल. आकडाही सांगितला. त्या संध्याकाळी सामायिकाला बसलो, तर अठ्ठेचाळीस मिनिटे तो आकडा मनातून गेला नाही. सकाळी मुनीमजींना रक्कम काढून ठेवायला सांगितली. त्यांनी विचारले, “कोणत्या खात्यावर लिहू?” मी म्हणालो, शिक्षण. ते म्हणाले, “पावती?” पावती मिळणार नव्हती. पन्नास वर्षांच्या व्यापारात माझ्या खतावणीला जे खाते ठाऊक नव्हते ते नातवाच्या नावाने उघडायचे का, या प्रश्नाशी मी अडलो. रक्कम तिजोरीतच राहिली. नातवाचे नाव यादीत आले नाही.

पुढे कायदा वाचून पाहिला. जे आधी वाचायला हवे होते ते नंतर वाचले. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमानुसार, हा कायदा ज्या शाळांना लागू आहे त्यांना प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही आणि बालकाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. देणगी घेतल्यास तिच्या दहापट दंड होऊ शकतो. चाळणी लावल्यास पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढील प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत. आपल्या राज्याने तर देणगीविरोधी कायदा १९८७ सालीच केला आहे. म्हणजे आम्ही ज्याला ‘मार्ग’ म्हणत होतो तो आडमार्ग होता.

आता दुसरी यादी. त्याच उन्हाळ्यात आमच्या दुकानी पोती वाहणारा एक हमाल संकोचत पुढे आला. त्याची मुलगीही पहिलीची. पंचवीस टक्के राखीव जागांसाठी अर्ज भरायचा होता. सूनबाईने दुकानातील संगणकावर तो भरून दिला. जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, एक लाखाच्या आतील उत्पन्नाचा दाखला. त्याने कामाचे खाडे करून सारे गोळा केले होते. पण शाळा निवडायची वेळ आली तेव्हा पडद्यावर एकही खासगी शाळा दिसेना. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने नियम बदलला होता. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तिला या राखीव जागांतून सूट दिली होती. शहरात अशी सरकारी वा अनुदानित शाळा जवळपास असतेच.

६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बदलाला स्थगिती दिली. अर्ज पुन्हा भरला गेला. १९ जुलै रोजी न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. तोवर शाळा सुरू होऊन महिना लोटला होता. माझा नातू घराजवळच्या दुसऱ्या शाळेत नवे दप्तर घेऊन जाऊ लागला होता आणि ती मुलगी आईबरोबर घरी बसून होती. जुलैअखेरीस हमालाने आपला फोन माझ्यापुढे धरला. “शेठजी, काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा.” तिचे नाव सोडतीत लागले होते. मी दोनदा वाचून दाखवले. त्याने पोते खाली ठेवले आणि काही वेळ तो तसाच उभा राहिला.

आमच्या घरी यादीची वाट पाहण्यात तीन आठवडे गेले होते, त्याच्या घरी तीन महिने. आमचे नाव लागले नाही तरी दुसरी शाळा होती, फी भरायला पैसा होता. त्याच्यापाशी ती एकच यादी होती. हा फरक त्या दिवसापर्यंत माझ्या ध्यानात आला नव्हता.

येथे आपल्या समाजाने एका गोष्टीचा विचार करावा. २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याच वर्षी ६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असा निकाल दिला. त्यामुळे आपल्या ज्या शाळांना हा दर्जा आहे त्यांच्यावर पंचवीस टक्क्यांचे बंधन राहिले नाही. शासनाकडून फीची रक्कम वेळेवर मिळत नाही ही शाळांची तक्रारही खोटी नाही. तरीही बंधन नाही म्हणून दार लावून घ्यावे का? चांदवडचे नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम १९२८ साली सुरू झाले, तेव्हा असा कोणताच कायदा नव्हता. जळगावात भवरलालजी जैन यांनी अनुभूती ही निवासी शाळा उभारली, तशीच गरीब घरांतील मुलांसाठी त्याच नावाची इंग्रजी माध्यमाची शाळाही काढली. तेथे कायद्याची वाट पाहिली गेली नाही.

आता ज्यांची यादी लागायची आहे त्यांच्यासाठी चार शब्द. दाणाबाजारात आपण मूठभर दाणे तळहातावर घेऊन पोत्याचा भाव करतो, कारण पोत्यातला दाणा उद्या बदलणार नसतो. मूल रोज बदलते. दहा मिनिटांच्या संवादावरून त्याची प्रत ठरत नाही. तेव्हा शाळेने आपल्या मुलाला पाहण्याआधी आपण शाळा पाहावी. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहून मुले कोणत्या चेहऱ्याने बाहेर येतात ते न्याहाळावे. शिक्षक किती वर्षे टिकतात, ग्रंथालयाचे कुलूप उघडते का, स्वच्छतागृह कसे आहे, मैदान आहे की केवळ वाहनतळ, हे विचारावे. घरापासूनचे अंतर मोजावे. रोजचे दोन तास बसमध्ये गेले तर खेळायला काय उरणार? १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिकवत होते आणि तेथील वसतिगृहातील मुलांना सांभाळत होते. आज त्या शाळेची इमारत कशी होती हे कुणी विचारत नाही, गुरुजींचीच आठवण निघते.

आणि नाव लागले नाही, तर ती बातमी मुलासमोर दबक्या आवाजात बोलू नये. आमच्या घरी ती चूक झाली. चार दिवसांनी नातवाने आजीला विचारले, “मी चुकीचं उत्तर दिलं का?” तिने त्याला जवळ घेतले आणि म्हणाली, “नाही रे, तू बरोबरच सांगितलंस.” आता तो तिसरीकडे निघाला आहे. रविवारी दुकानात येतो, माझ्याशेजारी गादीवर बसतो आणि पोत्यांवरचे इंग्रजी शिक्के मला मोठ्याने वाचून दाखवतो. त्या हमालाची मुलगी सुट्टीत येते तेव्हा दोघे मिळून वाचतात. तिचे वाचन अधिक चांगले आहे, हे तो स्वतःच सांगतो.

व्याह्यांना मी रात्री उलट फोन केला. ओळख सांगितली नाही. मुनीमजींचा प्रश्न तेवढा सांगितला.